आम्ही ‘एन्क्रोच’ करत नाही, आम्ही कसतो

इंग्रजी पेपरवाल्यांच्या हाताशी एक क्रियापद कायम तयार असतं – ‘एन्क्रोच’. मराठी पेपरात त्याचंच ‘अतिक्रमण केले’ होतं. फॉरेस्टवाल्यांनी खोपी मोडल्या, उभी नागली तुडवली, की दुसऱ्या दिवशी बातमी: आदिवासींनी वनजमीन एन्क्रोच केली होती, खात्याने ती मोकळी केली. बातमी चार ओळींची, पण निकाल पहिल्याच ओळीत लागलेला.

साथींनो, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ अर्थ आकड्याने ओढून घेणं. आपण आकडीने आंबा ओढतो तसं दुसऱ्याचं ओढून घेणं. म्हणजे हे क्रियापद लिहिलं की दोन गोष्टी न विचारताच ठरतात: जमीन दुसऱ्याची होती, आणि आपण मागाहून घुसलो. खुनाच्या बातमीत पत्रकार ‘संशयित आरोपी’ लिहितो, कोर्टाचा निकाल येईतो थांबतो. आपल्याबाबत ‘कथित अतिक्रमण’ असं लिहिलेलं कोणी पाहिलंय?

मागाहून कोण आलं ते तारखाच सांगतात. १८७८ चा वन कायदा, मग १९२७ चा, दोन्ही इंग्रजांचे. आपल्या राज्यात ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं सरकारजमा झाली, त्यात कित्येक ठिकाणी कसती जमीनही कागदावर ‘वन’ झाली. माणूस तिथंच होता, औतही तिथंच. बातमीत यातलं एकही साल नसतं.

आता गंमत बघा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली खाणीला, धरणाला जंगल देतात, तेव्हा त्याच पेपरात क्रियापद बदलतं. तिथे ‘डायव्हर्ट’. ‘फॉरेस्ट लँड डायव्हर्टेड.’ कोणी वळवली, कोणासाठी, त्याचा त्या वाक्यात पत्ता नाही. पाटाचं पाणी वळावं तशी जमीन आपली आपण वळली! आपल्या वाक्यात मात्र कर्ता ठळक: ‘ट्रायबल्स’.

पत्रकार म्हणतात, आम्ही सरकारी शब्दच वापरतो. बरं, मग सगळे सरकारी शब्द वापरा. सप्टेंबर १९९० मध्ये केंद्राच्या मंत्रालयानेच पत्रकं काढून अतिक्रमण वेगळं आणि वादातले दावे वेगळे, असं मांडलं होतं. ३ मे २००२ ला त्याच मंत्रालयाने ३० सप्टेंबरपर्यंत अतिक्रमणं हटवा म्हणून पत्र काढलं, आणि पेपरांनी दुसऱ्या पत्रातला शब्द तेवढा उचलला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला असं सुरुवातीलाच कबूल केलंय. आपल्या जमिनीला तो कायदा ‘ऑक्युपेशन’ म्हणतो, म्हणजे ताबा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही, असंही त्यात लिहिलंय. दावा पडून असताना ‘एन्क्रोचर’ लिहिणारा वार्ताहर कायद्याच्याही पुढे पळतो.

क्रियापद वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. जंगल तोडून रिसॉर्ट बांधणाऱ्यासाठी ते खुशाल वापरावं, कागद बघून. पण तिथे ‘विकास’ लिहायची सवय आहे.

आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीही ‘माझं अतिक्रमण दोन एकराचं’ हे बसलंय, कारण दंडाच्या पावतीवर तेच लिहून यायचं. त्या पावत्या मात्र जपून ठेवा, आपण किती सालापासून कसतो याचा तोच पुरावा. तालुक्याचा वार्ताहर पाड्यावर आला की त्याला चहा द्या, पावतीवरचं साल दाखवा, आणि दाव्याचा नंबर त्याच्या वहीत लिहून घ्यायला लावा. बातमीत ‘कसतात’ लिहा म्हणावं. इंग्रजीत ‘कल्टिव्हेट’ आहे, तोही सोपाच शब्द आहे. तरी ‘एन्क्रोच’ छापून आलं, तर कात्रण पुढच्या मीटिंगला आणा. संपादकाला पत्र ग्रामसभेच्या नावाने, सह्या-अंगठ्यांसह जाईल.