सुधारशाळेचें श्रेय कोणाचें ?

थोरामोठ्यांच्या चरित्रांतून वेंचून काढलेली एक यादी पुष्कळांच्या तोंडीं असते. अमका जगप्रसिद्ध वादक लहानपणीं सुधारशाळेंत होता, तमका खेळाडू तेथेंच वाढला, फलाणी गायिका तेथूनच बाहेर पडली, अशी ती यादी. ती वाचून दाखविणारे सद्गृहस्थ शेवटीं म्हणतात, "पाहा, पोरांना वेळींच कोंडलें, चार छड्या दिल्या, म्हणजे तीं माणसांत येतात." यादींतील नांवें खरीं आहेत. परंतु तिच्यावरून काढलेलें अनुमान खरें आहे काय, हें तपासून पाहिलें पाहिजे; कारण या अनुमानाच्या जोरावर उद्यां जीं पोरें कोंडलीं जाणार, तीं बहुतेक गरिबांचींच असणार. धनिकाच्या पोरानें मोटार भरधांव सोडली तर तें वयाचें खूळ ठरतें, आणि मजुराच्या पोरानें चार कणसें मोडलीं तर तो चोर ठरतो. ही दोन मापें सर्व देशांत चालत आलीं आहेत. म्हणून ज्या देशांतून यादींतील नांवें आलीं, त्या अमेरिकेंतच आधीं जाऊन पाहूं.

पहिलें नांव बहुधा लुई आर्मस्ट्राँग याचें असतें. न्यू ऑर्लीन्स शहरांत ४ ऑगस्ट १९०१ रोजीं हा जन्मला. गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांचा हा नातू. बाप घर सोडून गेलेला, आई मिळेल तें काम करणारी. पोर रस्त्यावर गाऊन आणि कोळशाच्या गाडीवर राबून चार पैसे घरीं आणी. १९१२ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं, नव्या वर्षाच्या गोंगाटांत, त्यानें घरांतलें पिस्तूल आणून आकाशाकडे बार उडविले. कोणाला इजा झाली नाहीं. परंतु शिपायानें त्याला धरलें, आणि दुसऱ्याच दिवशीं या अकरा वर्षांच्या पोराची रवानगी काळ्या वर्णाच्या निराधार मुलांच्या गृहांत झाली. त्या गृहाला 'कलर्ड वेफ्स होम' म्हणत.

हें गृह चालविणारे कॅप्टन जोसेफ जोन्स हे स्वतः काळे, पूर्वीचे लष्करांतले शिपाई. काळ्या मुलांना मोठ्या बंदिवानांबरोबर तुरुंगांत डांबतात, हें त्यांना पाहवेना. म्हणून त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें हा खटाटोप केला. गृह म्हणजे कांहीं स्वर्ग नव्हता. जेवणांत बहुधा उकडलेला पांढरा घेवडा. पहिले तीन दिवस आर्मस्ट्राँगनें त्याला हात लावला नाहीं. शिस्त लष्करी, लांकडी बंदुका घेऊन कवाईत, आणि चुकणाऱ्याला मारही. पण तेथें एक बँड होता, आणि बँडचे मास्तर पीटर डेव्हिस होते. वाईट वस्तींतलें पोर म्हणून डेव्हिस मास्तर प्रथम त्याला जवळ करीनात. पुढें त्यांचें मन पालटलें. आधीं त्यांनीं त्याच्या हातीं खंजिरी दिली, मग ढोल, मग आल्टो हॉर्न, मग बिगुल, आणि शेवटीं कॉर्नेट. थोड्याच महिन्यांत तो बँडचा नायक झाला. हा बँड वाजत वाजत त्याच्याच वस्तींतून गेला, तेव्हां तेथल्या लोकांनीं टोप्या भरून पैसे टाकले, आणि त्यांतून सबंध बँडला नवीं वाद्यें व नवे पोशाख आले, असें त्यानें १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. १९१४ सालच्या जून महिन्यांत तो सुटला. जाझ नांवाच्या संगीताला त्यानें जें वळण दिलें, तें सर्व जगानें ऐकलें. आणि २००१ सालापासून त्या शहराच्या विमानतळाला त्याचें नांव आहे.

दुसरें नांव बेब रूथ याचें. बेसबॉल म्हणून जो अमेरिकेंतला चेंडूफळीचा खेळ आहे, त्यांतला हा महापुरुष. बाल्टिमोर शहरांत दारूचें दुकान चालविणाऱ्या आईबापांचा हा मुलगा. सातव्या वर्षीं, १९०२ सालीं, त्याला सेंट मेरीज नांवाच्या उद्योगशाळेंत घातलें, आणि मधूनमधून घरीं येत-जात सुमारें बारा वर्षें तो तेथेंच राहिला. तेथें तो सदरे शिवावयास शिकला. तेथेंच ब्रदर मथायस नांवाचे एक धिप्पाड ख्रिस्ती धर्मबंधु होते. त्यांनीं त्याला मैदानावर नेऊन चेंडू कसा मारावा, कसा झेलावा, हें शिकविलें. १९१४ सालीं तो तेथून निघाला तो पगारी खेळाडू होऊन. पुढें १९२७ सालच्या एका मोसमांत ६० आणि सबंध कारकीर्दींत ७१४ वेळां त्यानें 'होमरन' मारली.

येथवर यादी वाचणाऱ्यांचें म्हणणें खरें वाटूं लागतें. म्हणून तिसरें नांव नीट ऐकावें.

एला फिट्झजेराल्ड ही अमेरिकेची थोर गायिका. जन्म २५ एप्रिल १९१७. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गांवीं ती वाढली. १९३२ सालीं आई वारली, आणि त्यानंतर पोरगी शाळा चुकवूं लागली, रस्त्यावर भटकूं लागली. चोरी नाहीं, मारामारी नाहीं. 'कह्यांत राहत नाहीं' एवढ्या दोषावरून तिला १९३३ सालीं हडसन येथील सरकारी मुलींच्या सुधारशाळेंत पाठविलें. त्या शाळेंत १७ घरें होतीं. त्यांपैकीं दोनच घरें काळ्या मुलींना. सर्वांत जास्त दाटीचीं आणि सर्वांत मोडकीं. शाळेंत गाणाऱ्या मुलींचें पथक होतें, पण त्यांत साऱ्या गोऱ्या मुली. जिचा गळा पुढें साऱ्या जगानें डोक्यावर घेतला, तिला त्या पथकांत जागा नव्हती ! मार मात्र होता, आणि तळघरांत कोंडणेंही होतें. १९३४ सालीं ती तेथून निघाली. हातीं पैसा नाहीं, राहावयास घर नाहीं, अशा स्थितींत २१ नोव्हेंबर १९३४ रोजीं हार्लेममधील अपोलो नाट्यगृहांत हौशी कलावंतांच्या चढाओढीस ती उभी राहिली. जावयाची होती नाचण्यासाठीं. ऐन वेळीं गायली, आणि पहिलें बक्षीस घेऊन गेली. पुढें १३ ग्रॅमी पारितोषिकें तिला मिळालीं. ती थोर झाल्यावर त्या शाळेनें तिला मानाची पाहुणी म्हणून बोलावूं पाहिलें. ती गेली नाहीं. जून १९९६ मध्यें ती वारली, आणि त्याच महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्स पत्रांत ही हकीकत छापून आली. जन्मभर तिनें या शाळेचें नांवही चारचौघांत काढलें नव्हतें.

आतां यादी वाचणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. एलेचें नांव कोणत्या खात्यावर मांडणार ? ती सुधारशाळेंतून निघाली हें खरें. पण सुधारशाळेनें तिला दिलें काय? गळा तिचा, धाडस तिचें, आणि श्रेय मात्र शाळेचें ! यालाच आमच्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

तिघांच्या कथा शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे गोष्ट उघड होते. कुंपण तिघांनाही होतें, शिस्तही होती. कुंपण आणि मार यांनीं माणूस घडत असता, तर हडसनच्या शाळेंतूनही गवयांची रांग लागावयास हवी होती. फरक एवढाच, कीं आर्मस्ट्राँगला डेव्हिस मास्तर मिळाले, रूथला ब्रदर मथायस मिळाले, आणि एलेच्या वाट्याला रंग पाहून दार लावणारी माणसें आलीं. म्हणजे श्रेय सुधारशाळेच्या भिंतीचें नव्हे. हातीं कांहींतरी देणाऱ्या माणसाचें आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. डेव्हिस व जोन्स हे त्या पोरांच्याच रंगाचे होते. वाईट वस्तींतल्या पोराविषयीं डेव्हिस मास्तरांच्या मनांतही अढी होतीच. पण ती गळून पडली, कारण रोज त्याच पोरांत बसणें-उठणें होतें.

आणि ज्यांचीं नांवें कोणत्याच यादींत नाहींत, त्यांचें काय ? फ्लोरिडा प्रांतांत मारियाना गांवीं १९०० सालीं मुलांची सुधारशाळा निघाली. पुढें तिला डोझियर स्कूल हें नांव पडलें. १९६८ पर्यंत तेथें काळीं व गोरीं मुलें निराळीं ठेवीत. मारण्यासाठीं एक लहानशी पांढरी इमारत मुद्दाम राखलेली होती. २०११ सालीं ही शाळा बंद झाली. तिच्या स्मशानांत ३१ क्रूस उभे होते. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाच्या शोधकांनीं जमीन उकरून पाहिली, तेव्हां ५५ थडगीं सांपडलीं. २०१७ सालीं तेथल्या कायदेमंडळानें माफी मागितली. मेलेल्या पोरांना ती ऐकूं गेली नाहीं. त्या ५५ जणांत एखादा आर्मस्ट्राँग नव्हता, असें कोण सांगूं शकेल ? एका रत्नाचा गाजावाजा करतांना किती रत्नें मातींत गेलीं, हें मोजल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं.

हा हिशेब परक्यांचाच आहे, असें समजून कोणी खुशाल बसूं नये. मुंबईस डेव्हिड ससून यांच्या नांवाची उद्योग व सुधारशाळा १८५७ सालीं निघाली. १८७६ व १८९७ सालीं हिंदुस्थान सरकारनें सुधारशाळांचे कायदे केले. १९२४ सालीं मुंबई इलाख्यानें मुलांचा कायदा केला. परंतु याच काळांत १८७१ पासून 'गुन्हेगार जातींचा' कायदाही होता, आणि त्याच्या १९११ सालच्या रूपांत असें कलम होतें, कीं या जातींचीं पोरें आईबापांपासून तोडून सुधारशाळेंत किंवा उद्योगशाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारास आहे. आर्मस्ट्राँगनें निदान पिस्तूल उडविलें होतें, एलेनें निदान शाळा चुकविली होती. या पोरांनीं काय केलें होतें ? त्या जातींत जन्म घेतला होता ! तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. सोलापुरांतल्या तारेच्या कुंपणाची वसाहत खुली झाली. पण गांवांत कोंबडी नाहींशी झाली, कीं आजही आधीं कोणाच्या पालावर जाऊन पोरांच्या दंडाला धरतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कायदा कागदावरून पुसला गेला, मनांतून पुसला गेला नाहीं.

सध्यां २०१५ सालचा बालन्याय कायदा चालू आहे. त्यांत निरीक्षणगृहें आहेत, विशेष गृहें आहेत. तेथें शिक्षण, कसब आणि खेळ मिळावा असें लिहिलेलेंही आहे. त्याच कायद्यांत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलानें घोर गुन्हा केल्यास त्याला मोठ्यांप्रमाणें चौकशीस उभें करण्याची वाटही आहे. घोर गुन्ह्याची कींव करा असें आम्ही म्हणत नाहीं; ज्याचें नुकसान झालें, त्याला न्याय मिळालाच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं कुंपणाची उंची किती याचा वाद घालणारे पुष्कळ आहेत. कुंपणाच्या आंत मास्तर कोण आहे, हें विचारणारे थोडे आहेत.

जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत खेड्यांतल्या शाळांवर कसा मास्तर असावा हें सांगितलें आहे. प्रसंगीं नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्यास ज्याला लाज वाटणार नाहीं, आणि खालच्या थरांतल्या लोकांत जो सहज मिसळेल, असा शिक्षक त्यांनीं मागितला. त्यांचें बोलणें गांवच्या शाळेपुरतें होतें. पण न्यू ऑर्लीन्सच्या डेव्हिस मास्तरांकडे पाहिलें, म्हणजे सुधारशाळेलाही हीच कसोटी लागू पडते, असें वाटतें.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक निरीक्षणगृहांत चांगला सुतार, चांगला शिंपी, चांगला वादक आणि चांगला खेळगडी पुऱ्या पगारावर नेमावा; आज आला उद्यां गेला असा नको. पालावरच्या, वस्तीवरच्या आणि गांवकुसाबाहेरच्या समाजांतून शिकलेले तरुण तेथें मास्तर म्हणून घ्यावे. मूल सुटल्यावर त्याचें शिक्षण किंवा काम चालू आहे कीं नाहीं, याची नोंद ठेवावी. आणि सर्वांत आधीं, मूल तेथवर पोंचूंच नये म्हणून गांवच्या शाळेनें हालचाल करावी. हजेरीपटावर लागोपाठ गैरहजेरी पडूं लागली, तर नांव कमी करण्यापूर्वीं मास्तरानें त्या मुलाच्या घरीं जावें. आई आजारी आहे, कीं बाप ऊंसतोडीला गेला आहे, कीं पोर धाकट्या भावंडाला सांभाळीत आहे, हें डोळ्यांनीं पाहावें. या कामाला सरकारच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

वाचकहो, पुढच्या वेळीं कोणी ती यादी वाचूं लागला, तर त्याला शेवटपर्यंत वाचूं द्या, आणि मग एवढेंच विचारा: या प्रत्येकाच्या हातीं खंजिरी कोणी दिली, त्या माणसाचें नांव सांगा. नांव सांगतां आलें, तर त्या माणसाला रामराम करा. नाहीं सांगतां आलें, तर तें श्रेय ज्या मुलाचें किंवा ज्या मुलीचें आहे, तिथेंच राहूं द्या.