पंचनाम्याआधी पाहणी करा!

आमच्या वस्तीत अधूनमधून कुणीतरी प्रश्नावली घेऊन येते. घर पक्के की कच्चे, नळ आहे का, मुले कितवीपर्यंत शिकली? आमची माणसे हातातले काम टाकून उत्तरे देतात. त्यावर कुणी एम.ए. होतो, कुणी पीएच.डी. वस्तीच्या हाती मात्र प्रबंधाची झेरॉक्ससुद्धा येत नाही. म्हणून चळवळीतलेच काही तरुण विचारतात, "समाजशास्त्राचे आपल्याला काय करायचे? मोर्चा काढा." हा राग आम्हाला समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही. संशोधन निरुपयोगी नसते, ते ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापासून तोडले जाते. भांडण त्यासाठी केले पाहिजे.

आम्ही हे घोडेगावातून लिहीत आहोत. याच नेवाशा तालुक्यातल्या सोनईजवळ 1 जानेवारी 2013 रोजी मेहतर समाजातल्या तीन तरुणांना मारले गेले. त्यातल्या एकाचे वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम होते. 2018 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली आणि गावोगावचे प्रतिष्ठित 'प्रेमप्रकरण' म्हणत मोकळे झाले. पण त्या पोरांना बोलावले कसे? शौचालयाची टाकी साफ करायची आहे, असे सांगून! जातीने नेमून दिलेले कामच आमिष झाले. जातीचा कणा जातीतल्या जातीत लग्नाच्या सक्तीत आहे, हे बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. ते नीट वाचणाऱ्याला सोनई म्हणजे 'अचानक घडलेली घटना' वाटणार नाही.

संशोधन वापरायचे कसे, हेही बाबासाहेबांनी करून दाखवले आहे. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून ते परतले, तर चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून हाकायला नकार दिला. शेवटी टांगा न हाकलेल्या माणसाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेब जखमी झाले. जातीची पाहणी करणाऱ्याला जातीने असे गाठले! 1930 च्या अहवालात समितीने साफ लिहिले की, अस्पृश्य स्पृश्यांच्याच जमिनीवर आणि मजुरीवर जगतात. हक्क मागितला की जमीन काढून घेतात, काम बंद करतात, वाट अडवतात, वाणी जिन्नस विकत नाही. हा निष्कर्ष बाबासाहेबांनी कपाटात पडू दिला नाही. गोलमेज परिषदेला दिलेल्या निवेदनात त्याच आधारावर त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी केली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो 2016 साली. एवढी वर्षे कुणाची सोय पाहिली गेली?

आता आपल्याच जिल्ह्यातले खर्डा पाहा. एप्रिल 2014 मध्ये तिथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. साक्षीदारांना शिव्या देणे सोपे आहे. पण गावात साक्ष देणारा माणूस कुणाच्या रानात राबतो, कुणाची उचल फेडतो, त्याची पोरे कुणाच्या संस्थेत शिकतात, याची पाहणी कुठल्या विद्यापीठाने हाती घ्यावी, असे कुणालाच वाटू नये?

आम्ही सरकारकडे उपकार मागत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या 21 व्या कलमातच, अत्याचार होण्याची शक्यता असलेले भाग ओळखणे आणि कायद्याच्या अंमलबजावणीची वेळोवेळी पाहणी करणे, ही कामे लिहिलेली आहेत. 1995 च्या नियमांतला तिसरा नियम हे भाग ओळखण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकतो. म्हणजे कायदा स्वतःच घटनेआधीचे समाजशास्त्र मागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. त्या बैठकीच्या टेबलावर गावनिहाय पाहणी ठेवा. पुण्यात बार्टी आहे, तिच्या नावातच संशोधन आहे. तिने तालुक्यातल्या आपल्या शिकलेल्या पोरापोरींना मानधन देऊन हे काम सोपवावे.

लगेच कुणीतरी म्हणेल, "आमच्या गावात जात कुणी पाळत नाही, सर्व्हे करून जातीयवाद वाढवू नका." मग मोजणीला भिता कशाला? घनश्याम शाह, सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी अकरा राज्यांतल्या 565 गावांतली अस्पृश्यता नोंदवून 2006 साली पुस्तक काढले. ती त्या पुस्तकाने निर्माण केली नाही, आधीपासूनच होती.

घोडेगावातही मोजण्यासारखे पुष्कळ आहे. कांद्याच्या लिलावात आडत कुणाची, हमाली कुणाची? कांदा निवडणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतून येतात? गायरान कुणाच्या ताब्यात आहे? स्मशानभूमी किती आहेत? उत्तरे आली की ती मराठीत, वस्तीत, माणसे जमवून वाचून दाखवायची आणि मगच विद्यापीठाला द्यायची. यापुढे प्रश्नावली घेऊन येणाऱ्याला आम्ही ही अट घालणार आहोत. शिवाय त्याच्या कागदावर आमचे दोन प्रश्न आम्हीच लिहून देणार: तुम्ही कुणाच्या रानात कामाला जाता? आणि कोर्टात साक्ष द्यावी लागली, तर दुसऱ्या दिवशी तिथे काम मिळेल का?