स्मृतीचा हिशेब

ब्रुक्स हे लिव्हरपूलचे गुलामवाहू जहाज. १७८८च्या कायद्याने त्याला ४५४ गुलाम नेण्याची मुभा होती. एवढी माणसे त्यात कशी दाटीवाटीने निजवावी लागतील, हे दाखवणारे चित्र या व्यापाराच्या विरोधकांनी १७८९ मध्ये लंडनला छापले. त्याने इंग्लंडचे मन हलले. पण चित्रातील माणसे म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या होत्या. त्यांना चेहरा नव्हता, आवाज नव्हता.

बेनिनचा कलावंत रोमुआल हाझुमे याने ही उणीव भरून काढली. पेट्रोलचे ३०४ डबे कापून त्याने मुखवटे केले आणि ते त्याच जहाजाच्या आकारात जमिनीवर मांडले. सोबत बेनिनच्या भाषांतील आवाज ऐकू येतात. ‘ला बूश द्यू र्वा’ हे या कलाकृतीचे नाव. बेनिनच्या ज्या किनाऱ्यावरून गुलाम जहाजांत चढवले जात, तेथील ते स्थळनाम आहे. नायजेरियातून चोरटे पेट्रोल आणणारे लोक असे डबे तापवून फुगवतात आणि फुटेपर्यंत वापरतात. माणसाला फुटेपर्यंत वापरणारी वृत्ती त्या जहाजांबरोबर बुडालेली नाही, हे सांगायला याहून समर्पक साधन कोणते? शिवाय, गोऱ्या सत्ताधीशाच्या मुखवट्याशेजारी आफ्रिकी राजाचाही मुखवटा आहे. माणसे विकणाऱ्या स्वकीयांनाही कलावंताने मोकळे सोडलेले नाही.

गुलामांच्या व्यापारावरील बंदीला २००७ मध्ये दोनशे वर्षे झाली, तेव्हा ब्रिटिश म्युझियमने ही कृती मांडली. पुढे ती लिव्हरपूललाही गेली. हे स्वागतार्हच आहे. परंतु प्रदर्शन भरवल्याने ऋण फिटत नाही. १८३३च्या कायद्याने गुलामगिरी रद्द करताना ब्रिटनने २ कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. त्यासाठी काढलेले कर्ज २०१५ मध्ये पुरते फिटले. म्हणजे ब्रिटनमध्ये कर भरणारे गुलामांचे वंशजसुद्धा आपल्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई फेडत होते!

जुनी पापे उकरून आजच्या पिढीला अपराधी का ठरवावे, असे कोणी विचारील. अपराध आजच्या पिढीचा नाही हे खरे; पण वारशात संपत्ती येते तशी देणीही येतात. मालकांच्या बाजूचा हिशेब पैपैसह चुकता झाला, गुलामांच्या बाजूचा रकाना कोराच राहिला. तो भरण्याचे काम संसदेचे आणि समाजाचे आहे. रकाना कोरा आहे, एवढे कलेने दाखवून दिले. पुढची जबाबदारी पाहणाऱ्यांची.