दाशी कशाची, ते विचारा

आपल्याकडचं कोणी जपानला निघालं, की बॅगेत आधी मेतकूट आणि चिवडा जातो. "तिथे काय, सगळे कच्चे मासे!" मीसुद्धा अशाच पिशव्या भरून गेले होते. कोयासानच्या डोंगरावर एका बौद्ध मठात मुक्काम केला आणि माझी समजूत पार बदलली.

मठातल्या या जेवणाला 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपला चातुर्मासच की! तीळ वाटून, कुझू वेलीच्या मुळांच्या सत्त्वात घोटून केलेलं 'गोमादोफू' खरवसासारखं थरथरतं. गोठवून वाळवलेलं 'कोयादोफू' रसात शिजवलं की स्पंजासारखं भरून येतं. इ.स. १२३७ मध्ये दोगेन या झेन आचार्यांनी मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, एवढा त्या कामाचा मान.

मात्र बाहेर फसू नका. मिसो सूप दिसतं शाकाहारी. पण कटाच्या आमटीला जसा कट, तशी त्याला 'दाशी' लागते, आणि ती बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसाची असते. मठात तीच कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळिंबी यांची करतात. कोयासानला जाण्याआधी दोन दिवस मी ते सूप आवडीने प्यायले, मग कळलं! रागावणार कोणावर? विचारलं मीच नव्हतं.

म्हणून माझं मत असं, की शाकाहारी माणसाने जपानी जेवणाला भिऊ नये, आणि न विचारता खाऊही नये. चिवडा खुशाल न्या, पण एकदा तरी मठात जेवा.