नोटरीचा शिक्का अंगठ्याचा साक्षीदार, जमिनीचा नाही

मागच्या महिन्यात पिंप्राळ्याला एका भावाच्या घरी गेलो होतो. भाऊ आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपडा तालुक्यातल्या पाड्यावरचा. कामासाठी जळगावात आला, आधी बांधकामावर, मग हमालीला. पैपै जमवून पिंप्राळ्याच्या पुढं एक तुकडा घेतला आणि वर पत्रे टाकले. घेतला म्हणजे कसा, ते विचारलं तर त्यानं पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. शंभराचा स्टॅम्प, दोघांचे फोटो, सह्या, अंगठे, आणि कोपऱ्यात नोटरीचं तांबडं गोल स्टिकर. "पक्कं काम शे भो, नोटरी करेल शे," असं देणारा म्हणाला होता. आता दुसराच माणूस दारात आलाय. त्याच्याकडे रजिस्टर ऑफिसातलं खरेदीखत आहे, सातबाऱ्यावर नावही त्याचंच आहे. भाऊ मला विचारतो, "शिक्का दोन्ही कागदांवर आहे. मग माझाच खोटा कसा?"

शिक्का खोटा नाही. पण तो जे बोलतच नाही, ते आपण त्याच्या तोंडी घातलं.

नोटरी म्हणजे १९५२ च्या कायद्याखाली सरकारनं नेमलेला माणूस, बहुतेक वेळा वकीलच. सही किंवा अंगठा त्याच माणसाचा आहे आणि तो आपल्यासमोर झाला, याची तो साक्ष देतो. शपथ देतो, प्रतिज्ञापत्र करून घेतो, नकला खऱ्या असल्याचं लिहून देतो. जमीन कोणाची, सातबारा कोणाच्या नावावर, ती विकता येते की नाही, याची साक्ष त्या शिक्क्यात नसते. शंभर रुपयांहून जास्त किमतीची जमीन विकायची तर दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे ज्याला आपण रजिस्टर ऑफिस म्हणतो तिथंच, दस्त नोंदवावा लागतो. हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे. २०११ साली सुप्रीम कोर्टानंही सूरज लॅम्प खटल्यात बजावलं की साठेखत, मुख्त्यारपत्र, मृत्युपत्र असले कागद एकमेकांना जोडून मालकी बदलत नाही.

मग लोक नोटरीकडे का जातात? स्वस्त पडतं, एका दुपारी होतं. आणि पुष्कळदा तो तुकडा रजिस्टरच होत नसतो. तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, शेतजमीन बिनशेती झालेली नसते. विकणाऱ्याला हे सगळं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. भावाला मी एवढंच सांगितलं की कागद फाडू नको. जमिनीसाठी तो चालणार नाही, पण समोरच्यानं तुझे पैसे घेतले याचा तो पुरावा आहे. उशीर न करता वकिलाला दाखव.

पिंप्राळ्याहून परत आलो तर पाड्यावर याच्या बरोबर उलटी गोष्ट. एकानं दवाखान्यासाठी ६० हजार घेतले आणि वनपट्ट्याची जमीन 'नफ्यानं' लिहून दिली. पाच वर्षांसाठी, असं तोंडी ठरलं होतं. आता पैसे देणारा नोटरीचा कागद दाखवतो आणि म्हणतो, वाच, 'कायमचा कब्जा दिला' असं लिहिलंय. घरचे लोक घाबरून गेले. शिक्का आहे म्हणजे जमीन गेली, असं धरून बसले.

ज्या कागदानं पिंप्राळ्यात आपल्याला चार हात जागा मिळत नाही, त्याच कागदानं पाड्यावर आपली जमीन कशी जाईल? घेताना तो कच्चा आणि देताना पक्का, असा हिशोब कुठल्या कायद्यात नाही. तो आपल्या भीतीत आहे, आणि समोरचा त्या भीतीवरच पीक काढतो.

वनहक्क कायदा २००६ चं कलम ४ पोटकलम ४ पाठ करून ठेवावं असं आहे. पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. सातबाऱ्याच्या जमिनीचं म्हणाल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६ आणि ३६-अ आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा कशानंही जायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीला तर शासनाचीही मान्यता लागते. परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारावर कितीही शिक्के मारा.

ही कलमं कोणी मेहेरबानीनं दिलेली नाहीत. १९७२ च्या सुमारास शहाद्याकडे अंबरसिंग महाराज सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लोकांनी अंगठ्याच्या कागदांवर गेलेल्या जमिनी परत मागितल्या. त्या काळात राज्यात असे लढे उभे राहिले, त्यानंतर १९७४-७५ ला हे कायदे आले. तेव्हा सावकाराची वही होती, आता स्टॅम्पपेपर आणि तांबडं स्टिकर आहे.

त्या कागदांची भाषा तरी बघा. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'भरणा पावला', 'अक्कलहुशारीनं, नशापाणी न करता, राजीखुशीनं'. ज्याला आदल्या रात्री पाजून सकाळी तालुक्याला नेलं, त्याच्या अंगठ्याच्या वर हे लिहिलेलं असतं! आणि 'वाचून, समजून घेतले' असं खाली असतं. पावरी बोलणाऱ्या म्हाताऱ्यानं ते कोणत्या भाषेत वाचलं?

यात आपलीही चूक आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वनहक्काचे दावे भरताना आपल्यातल्याच कार्यकर्त्यांनी, मीही त्यात होतो, म्हाताऱ्यांचे जबाब 'नोटरी करून आणा' असं सांगितलं. वाटलं, कागद भक्कम होईल. नेवाड करणाऱ्या माणसाची रोजी बुडाली, गाडीभाडं गेलं, टायपिंगचे, स्टिकरचे पैसे गेले. नियम १३ मध्ये दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं कथन एवढंच म्हटलंय, त्यात नोटरी नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनी तर उपविभागीय आणि जिल्हा समितीला एखाद्याच ठराविक कागदाचा आग्रह धरायला मनाई केली. म्हातारा पाड्यावर बोलतो, वनहक्क समिती लिहून घेते, ग्रामसभा ऐकते. तालुक्याच्या गावात टेबलावर बसलेल्या माणसापेक्षा ती ग्रामसभा त्या जमिनीला जास्त ओळखते. सरकारी दाखल्यांसाठीही २०१५ पासून राज्यात बऱ्याच ठिकाणी स्वयंघोषणापत्र चालतं. खिडकीवरचा बाबू तरीही 'अ‍ॅफिडेव्हिट आणा' म्हणाला तर कोणत्या नियमानं, ते लिहून मागा.

नोटरी नकोच असं माझं म्हणणं नाही. कोर्टात प्रतिज्ञापत्र लागतं, मुख्त्यारपत्र लागतं, आणि नीट काम करणारे नोटरीही आहेत. पण जायचं तर आपली भाषा आणि वाचता येणारा पोरगा किंवा पोरगी सोबत घेऊन जा. फीचा तक्ता ऑफिसच्या आत आणि बाहेर लावणं नोटरीवर बंधनकारक आहे, तो बघा, पावती मागा. प्रत्येक कामाची नोंद त्यांच्या रजिस्टरात व्हावी लागते आणि तिथंही आपली सही किंवा अंगठा घेतात. कोणी तुमच्या नावाचा कागद पुढं केला तर त्यावरचा नोंदीचा नंबर उतरवून घ्या. गेलाच नव्हता तर ते रजिस्टर कोर्टात मागवता येतं. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा मात्र भावाला पण देऊ नका.

पाड्यावरच्या त्या कागदाचं परवा ग्रामसभेत वाचन झालं. ६० हजार घेतले, ते कोणी नाकारलं नाही. पण देणाऱ्याकडे सावकारीचा परवाना नाही, म्हणून २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडे तक्रार लिहिली. वाचन संपल्यावर घरची बाई उठली. पट्ट्यावर नवऱ्याच्या बरोबरीनं तिचंही नाव आहे. तिनं तो नोटरीचा कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि विचारलं, "ह्यात माझा अंगठा कुठंय?" कोणालाच दाखवता आला नाही. मृगाचा पाऊस पडला की तिथं ज्वारी आपणच पेरणार, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी तिच्या शेतावर दर घरातून एक माणूस जाणार आहे. शेजारच्या पाड्यांनीही यावं.