नाणें उजळूं नये, उजेड वळवावा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं जुन्या घरांतून एखादी लहानशी पेटी किंवा कापडी पिशवी बाहेर निघते. तींतील नाणीं चौरंगावर मांडलीं जातात, त्यांवर हळदकुंकू वाहिलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं तीं पुनः वर्षभरासाठीं कपाटांत जातात. पूजा होते, पण दर्शन होत नाहीं. कोणतें नाणें कोणत्या राजाचें आणि तें घरांत कोणीं आणिलें, हें विचारणारा विरळा. सांगणारा तर त्याहून विरळा. आमच्या बदलापूरच्या घरची स्थिति याहून निराळी नव्हती.

गेल्या दिवाळींत मात्र त्या पेटीकडे नीट पाहण्याचा प्रसंग आला. आतां आमचें एक बिऱ्हाड बदलापुरास, मधल्या बंधूंचें अंबरनाथास, आणि धाकट्या बंधूंचीं मुलें परदेशीं. वडिलांनीं जमविलेल्या त्र्याहत्तर नाण्यांची वांटणी करावी असें सर्वांच्या संमतीनें ठरलें. वांटणी न्यायाचीच होती; परंतु एकदां वांटलेला संग्रह पुनः एकत्र येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. तेव्हां नातू म्हणाला, “आजोबा, वांटण्यापूर्वीं सगळ्यांचे फोटो काढून ठेवूं या. माझ्या मोबाइलवर चांगले येतील.” सूचना उत्तम होती. ती अमलांत आणतांना आमच्या हातून जी चूक झाली, ती वाचकांच्या हातून होऊं नये म्हणून हा लेखनप्रपंच.

संग्रहांत एक शिवराई होती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेलें हें तांब्याचें नाणें महाराष्ट्रांतील अनेक घरांत आढळतें. शिवाजी महाराजांच्या राज्यांत सुरू झालेली ही परंपरा पेशवाईंतहि चालू राहिली. म्हणून घरांत सांपडलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळची असते असें नव्हे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, असें पुष्कळदां असल्यामुळें एकाच नाण्यावर सगळीं अक्षरें क्वचितच मिळतात. आमच्या शिवराईवर ‘राजा’ हा शब्द अंधुक दिसत असे. तिच्यावर तपकिरी-हिरवट पापुद्रा चढला होता व फोटोंत ती मळकट दिसूं लागली. आम्हीं ती संध्येच्या पळीपंचपात्राप्रमाणें चिंच-मीठ लावून घांसली. पांच मिनिटांत ती गुलाबी होऊन लखलखूं लागली, आणि पुनः निरखून पाहतों तों ‘जा’चा काना दिसेनासा झाला! ‘आधीं वाच, मग खोड’ असें मुलांना आयुष्यभर सांगणाऱ्या मास्तरानें स्वतः न वाचतांच खोडलें होतें.

याचें कारण अवघड नाहीं. चिंचेंत टार्टारिक आम्ल असतें व तें तांब्यावरील पापुद्रा विरघळवितें. आपण ज्याला मळ म्हणतों तो हवेशीं व ओलाव्याशीं वर्षानुवर्षें झालेल्या संयोगानें बनलेला थर असतो. ती नाण्याची त्वचाच म्हणावी. झिजलेल्या अक्षरांचा उरलासुरला उठाव पुष्कळदां त्या थरांतच टिकून राहिलेला असतो. तो एकदां गेला कीं कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. पितांबरी, लिंबू, राख, सोनाराचा ब्रश, सर्वांना हाच नियम लागू. फार धूळ असल्यास साध्या पाण्यांत बुडवून मऊ कापडानें टिपावें, पुसूं नये. त्यापुढें जाऊं नये.

मग अंधुक नाणें फोटोंत स्पष्ट यावें कसें? या प्रश्नाचें उत्तर अंबरनाथच्या शिवालयांत आहे. शिलाहारांच्या काळच्या या देवळांतील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा. तेथें भर दुपारीं गेलें तर भिंतींवरील शिल्पें सपाट भासतात. तींच सायंकाळच्या तिरप्या उन्हांत उठून दिसतात. दगड तोच, मूर्ति तीच. बदलला तो प्रकाशाचा कोन. नाण्यावरील अक्षर म्हणजे केसाएवढ्या उंचीचें शिल्पच होय. समोरून पडणारा प्रकाश त्याची सावली नाहींशी करतो व सावलीबरोबर अक्षरहि जातें. यास्तव मोबाइलचा फ्लॅश प्रथम बंद करावा.

असल्या पुसट खुणांचें मोल केवढें असतें, हें नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभीच्या ठेव्यावरून कळतें. १९०६ सालीं तेथें क्षहरात राजा नहपान याचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली छाप पुनः मारलेली होती. वर सातवाहनांचीं चिन्हें आणि खालीं नहपानाच्या चेहऱ्याचे व अक्षरांचे अवशेष, असें त्यांचें रूप आहे. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला असें नाशिकच्या लेण्यांतील लेख शब्दांनीं सांगतो. त्याची धातूवरील साक्ष ती ही. कोणा हौशी गृहस्थानें चिंच घेऊन तीं नाणीं लखलखीत केलीं असतीं, तर खालचा नहपान कायमचा पुसला गेला असता.

आतां आम्हांस साधलेली रीत सांगतों. थेट ऊन न येणारी खिडकी निवडावी. चार पालथ्या फुलपात्रांवर कांचेचा तुकडा ठेवून त्याखालीं करडा कागद अंथरावा व नाणें कांचेवर ठेवावें. म्हणजे नाण्याभोवतीं काळी सावली पडत नाहीं. पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल असा आडवा ठेवावा कीं त्याचें भिंग तेवढें बाहेर डोकावेल, आणि मागील टोकावर आणखी एक जड पुस्तक ठेवावें. आमच्या घरीं हें काम आपट्यांच्या कोशानें केलें! भिंग नाण्याशीं समांतर असावें, नाहीं तर वाटोळें नाणें लांबट दिसतें. फार जवळ न जातां वीतभर अंतरावरून चित्र मोठें करून घ्यावें. बोटाच्या धक्क्यानें चित्र हलतें, म्हणून दोन-तीन सेकंदांनीं आपोआप चित्र घेण्याची जी सोय असते ती वापरावी. खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरा कागद उभा धरला म्हणजे अंधारी बाजू थोडी उजळते. अक्षर दिसत नसेल तर तो काढून घ्यावा. चांदीचा रुपया फार चकाकत असेल तर खिडकी व नाणें यांमध्यें पतंगी कागद धरावा. नाणें नेहमीं कडेला धरून उचलावें. बोटांचा घाम धातूस लागूं देऊं नये.

प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचीं चित्रें एकाच अंतरावरून घ्यावीं व शेजारीं मोजपट्टी ठेवावी. कडेचेंहि एक चित्र असावें. १९४० सालीं रुपयांतील चांदी बारांपैकीं अकरा भागांवरून निम्म्यावर आली, तेव्हां त्याची कडहि बदलली. हा भेद वरून घेतलेल्या चित्रांत दिसत नाहीं. वजन चित्राखालीं लिहावें. राणीछाप रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, तोच आपला जुना तोळा. बाजारांत रामपंचायतनाचें चित्र व ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ अशीं अक्षरें असलेले तुकडे अमूल्य म्हणून विकले जातात. कंपनीनें असलीं नाणीं पाडलींच नव्हतीं, हें गिऱ्हाइकांनीं ध्यानांत ठेवावें.

परंतु सर्वांत महत्त्वाचें चित्र नाण्याचें नव्हे, त्याच्या चिठ्ठीचें होय. वडिलांनीं प्रत्येक नाण्यासोबत तें कोठून आलें याची चिठ्ठी ठेविली होती. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीचें पाणी आमच्या तळमजल्यांत शिरलें. नाण्यांस कांहीं झालें नाहीं. चिठ्ठ्यांचा मात्र लगदा झाला. त्र्याहत्तरांपैकीं एकोणीसच वाचतां आल्या. पुढें २०१९ च्या जुलैंत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली, तेव्हां आम्हांस पुनः त्या चिठ्ठ्यांची आठवण झाली. चित्रें मात्र चार घरीं ठेवतां येतात. चारहि घरीं एकाच दिवशीं पूर येत नाहीं.

उल्हासनगरच्या आमच्या एका सिंधी स्नेह्यांनीं हें ऐकून आपल्या घरचा एकमेव जुना रुपया आणून दिला. त्यांची वसाहत म्हणजे पूर्वींची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें आलेल्या निर्वासितांच्या या वस्तीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांच्या मातोश्रींनीं तो रुपया कराचीहून ओढणीच्या टोकास बांधून आणिला होता. चित्र मोठें करून पाहतां मागच्या बाजूस ‘एल’ हें चिमुकलें इंग्रजी अक्षर दिसलें. ती लाहोरच्या टांकसाळीची खूण. बाजारांत अशा १९४५ च्या रुपयास फारसें मोल नाहीं. पण त्या गृहस्थांनीं चित्राखालीं मातोश्रींचें नांव व प्रवासाची तारीख लिहविली, आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत.

आमच्या नव्वदीच्या आत्याबाईंस नाणें हातांत घेऊनहि दिसत नाहीं. चित्रें मोठीं करून दाखवितांच त्यांनीं सात नाण्यांची हकीकत सांगितली. ती शिवराई आजोबांस पैठणास एका क्षौराच्या वेळीं सुट्या पैशांत मिळाली होती. उरलेल्या नाण्यांखालीं आम्हीं ‘माहीत नाहीं’ असें स्पष्ट लिहिलें. खोट्या माहितीपेक्षां तें बरें.

तुळशीच्या लग्नानंतर वांटणी झाली. पेटी आतां तीन ठिकाणीं आहे. चित्रें मात्र अविभक्त आहेत आणि तीं सर्वांच्या घरीं सारखींच. आमच्या वांट्यास कोणतें नाणें हवें असें बंधूंनीं विचारिलें, तेव्हां आम्हीं ती गुलाबी शिवराई मागून घेतली. तिच्या चित्राखालीं पैठणची हकीकत आहे, आणि तिच्याखालीं आमच्या हस्ताक्षरांत आणखी एक ओळ आहे: ही कोणीं, केव्हां व कशानें घांसली.