हात सावळा, गाल गव्हाळ

मे महिन्याच्या दुपारी प्रताप नगर चौकात गाडीवर थांबलेल्या एकाही मुलीचा चेहरा दिसत नाही. डोळ्यांपुरती फट ठेवून आवळलेला स्कार्फ हा आमच्या नागपूरचा बारमाही पोशाख, नवतप्यात त्यावर गॉगल चढतो. तोंड असं झाकलेलं आणि हँडलवरचे हात उघडे. त्यामुळे एक-दोन उन्हाळ्यांत हात गालापेक्षा चांगलेच काळवंडतात. आणि हीच मुलगी ब्लश घ्यायला गेली की रंग कुठे लावून बघते? हाताच्या पाठीवर!

मनगटाच्या नसा बघायची युक्तीही बरीच चालते. नसा हिरवट दिसल्या तर उबदार छटा घ्या, निळसर दिसल्या तर थंड. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीत त्या थोड्या हिरव्या, थोड्या निळ्या असतात, कधी दिसतच नाहीत. त्यापेक्षा दोन मजले भरभर चढा आणि आरशासमोर उभ्या राहा. (जिन्याचा कंटाळा असेल तर खामल्याच्या बाजारातून भाजी घेऊन पायी या.) गालावर जो रंग चढलेला दिसेल, त्याच्या जवळपासची छटा शोधायची. रक्त सगळ्यांचं लालच. वरचं मेलॅनिन कमी-जास्त असतं, म्हणून ते कुणाच्या गालावर गुलाबी दिसतं, कुणाच्या विटकरी, कुणाच्या जांभळट. काळ्या कातडीला लाली चढतच नाही, असं मानणारेही होते. डार्विनने १८७२ सालच्या भावाविष्कारावरच्या पुस्तकात एका कृष्णवर्णीय बाईची नोंद दिली आहे. तिच्या चेहऱ्यावर एक व्रण होता आणि तिला कुणी अचानक टोकलं की तो लाल व्हायचा. लाली होतीच, बघणाऱ्याला दिसत नव्हती.

भाचीला घेऊन बर्डीवर गेले होते. काउंटरवरच्या मुलीने पहिली काढली ती बेबी पिंक. "हा घ्या न ताई, एकदम फ्रेश दिसते." दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली दिसलाही बरा. दाराबाहेर उजेडात आलो, तर भाचीच्या सावळ्या गालावर खडूची पूड उडाल्यासारखं झालेलं.

"मावशी, मी आजारी दिसून राहिली का?"

"हाव."

यात तिच्या रंगाचा काही दोष नाही. फिक्या छटा करताना बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य मिसळतात. गोऱ्या गालावर ते खपून जातं, सावळ्या गालावर राखाडी दिसतं. मग मी डबीत बघूनच छातीत धस्स व्हावं असा विटकरी-नारिंगी रंग मागितला. काउंटरवरची म्हणाली, "हा लई डार्क होते ताई." बोटाच्या टोकावर जेमतेम घेतला, गालावर टेकवून पसरला आणि पोरगी खरंच उन्हातून आल्यासारखी तजेलदार दिसायला लागली. सावळ्या रंगाला डबीतला भडकपणा मानवतो. विटकरी, डाळिंबी, पिकल्या जांभळाचा, पक्क्या संत्र्याचा, यातला कुठलाही घ्या. गव्हाळ असाल तर कोरल, किंवा पीच हवा असेल तर तो जरा दाट. संत्र्याच्या गावात नारिंगी रंगाला इतकं बिचकतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

बिचकायला शिकवलं मात्र पद्धतशीर. टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली, म्हणजे तिला सत्तरी उलटली. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि गोरेपणाची ट्यूब घराघरात पोचली. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. फेंटीने २०१७ मध्ये फाउंडेशनच्या ४० छटा एकदम बाजारात आणल्या, तेव्हा कुठे बाकीच्या कंपन्यांना सावळ्या गिऱ्हाइकांची दखल घ्यावीशी वाटली. आमच्या आयांनी कुणाची वाट बघितली नव्हती. मरून लिपस्टिकचा एक ठिपका गालावर लावून बोटाने चोळायच्या. छटा अचूक बसायची.

नागपुरात रंगाइतकंच तो टिकण्याचंही बघावं लागतं. ४५ अंशात पावडरीवर घामाचे ओघळ उमटतात, क्रीम घसरतं आणि उरलंसुरलं स्कार्फ पुसून नेतो. पाण्यासारखा पातळ टिंट कातडीत मुरतो, तो त्यातल्या त्यात तग धरतो.

खरा घोळ लग्नात होतो. मुलीची आई पार्लरवालीला हळूच सांगते, "थोडी उजळ दिसू द्या." मग गळ्याखाली एक मुलगी आणि गळ्यावर दुसरीच. त्या उसन्या चेहऱ्यावर कुठलाच ब्लश बसत नाही. आधी फाउंडेशन गळ्याशी जुळवून घ्या, मग गालाकडे वळा. शिवाय पिवळ्या साडीची झाक हनुवटीवर, गालावर पडते. पीच त्यात विरून जातो, डाळिंबी टिकतो. म्हणून ट्रायलला ती साडी खांद्यावर टाकूनच बसा आणि फोटो पार्लरच्या दाराबाहेर उजेडात काढा. पार्लरवाली कुरकुरेल. कुरकुरू द्या.